नळीतली हवा

माझे आजेसासरे खाणीत दगड फोडीत. हातातल्या हत्यारावरून गाव त्यांना ‘पहार’ म्हणे, आणि ते नाव त्यांना शोभतही असे. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे सासरे, त्याच खाणीच्या दगडाने विहिरी बांधीत. त्यांनी बांधलेली एकही विहीर आजवर ढासळलेली नाही. त्यांच्या पोटी माझे यजमान जन्मले. ते गवंडी होते, आणि त्यांच्या भिंतीला ओळंबा लावून पाहण्याची हिंमत दुसऱ्या गवंड्याने कधी केली नाही. चौथ्या पिढीला या घराला मुलगा हवा होता. झाली मुलगी. आळीतल्या बायका हळहळल्या. मी हळहळले नाही. मी पोरीची मूठ उघडून पाहिली. तळवा रुंद होता.

ती माझी थोरली. यजमानांच्या मागे तिने प्रथम थापी उचलली आणि पुढे ठेका घेतला. शाळेची इमारत तिची, दवाखाना तिचा, बाजाराची शेडही तिचीच. तिच्या हाताखाली मुकादम आहे, गवंडी आहेत, बिगारी आहेत. जावई तिचा ट्रक चालवतात आणि तिच्यापुढे तोंड चालवीत नाहीत. त्यामुळे संसार सुखाचा आहे.

गेल्या निवडणुकीत गावाने तिला प्रमुखाच्या खुर्चीवर बसवले. “जिने शाळा उभी केली, ती गावही उभं करील,” असे जो तो म्हणत होता. मला त्या बोलण्यात खोट दिसत होती, पण जिंकलेल्या लेकीच्या दुधात मिठाचा खडा टाकण्याची माझी रीत नाही. तिच्यापूर्वी त्या खुर्चीवर जो बसत असे, त्याला लोक ‘खडीसाखर’ म्हणत. त्याने आपल्या कारकिर्दीत एकही काम पुरे केले नाही आणि एकाही माणसाला नाही म्हटले नाही. दोन्ही गोष्टींना सारखीच मेहनत लागते.

त्या साली उन्हाळा लवकर आला. गावाच्या वर ओढ्यावर एक जुना बंधारा आहे. त्याची भिंत बुटकी. पाणी थंडीतच आटून जाई. खालच्या आळीतल्या शेतांना भेगा पडल्या होत्या आणि तिथली तरणी माणसे घराला कुलूप लावून शहरात कामाला गेली होती. आणखी एक साल असेच गेले तर ती परत येणार नाहीत, हे सर्वांना दिसत होते. थोरलीने ठरवले की पावसापूर्वी भिंत उंच करायची. नकाशा आला, मंजुरी आली, गावसभेत तिने विषय वाचून दाखवला. कोणी काही बोलले नाही. ते गप्प बसणे तिने होकार धरले आणि दुसऱ्याच सकाळी चुना घेऊन आखणीला गेली.

इथे ती चुकली. बांधकामाच्या माणसाला चुन्याची रेघ म्हणजे नुसता विचार. चुकला तर पायाने पुसता येतो. पण ज्याच्या कुरणात ती रेघ पडते, त्याला ती जप्ती वाटते. बंधारा उंच झाला की पाणी मागे सरकणार, आणि मागे होते वरच्या वस्तीचे कुरण. वस्ती सगळी मेंढपाळांची. दुपारपर्यंत मेंढ्यांनी ती रेघ तुडवून टाकली. संध्याकाळी कळप गावातून गेला तेव्हा एकूणएक मेंढीचे पाय पांढरे होते.

“बघा, मेंढ्यांनी मोजे घातले!” खालच्या आळीतला दूधवाला ओरडला आणि रस्ताभर हशा पिकला. थोरली हसली नाही. तिने पुन्हा चुना मारला.

तिसऱ्या दिवशी वस्तीची माणसे त्या रेघेवरच येऊन बसली. पुढे काय घडले ते मला जावयांनी सांगितले. सांगताना ते जमिनीकडे पाहत होते. मिक्सर उन्हात उभा, बिगारी घमेली पालथी घालून त्यांवर बसलेले. थोरली पुढे झाली.

“उठा. काम सुरू करायचंय.”

“आम्हालाही बसायचं काम आहे,” वस्तीतला म्हातारा मेंढपाळ म्हणाला. “आजच हाती घेतलं. अजून बरंच बाकी आहे.”

तिचे डोके तापले. कामावर अडून राहणाऱ्या माणसाला जे वाक्य ती उभ्या आयुष्यात ऐकवीत आली, ते तिच्या तोंडून आपोआप निघाले, “उद्यापासून येऊ नका!”

म्हाताऱ्याने दाढी खाजवली. “पोरी, कुठं येऊ नको म्हणतेस? आम्ही इथंच राहतो.”

तिचे स्वतःचे बिगारीसुद्धा तोंड फिरवून हसले. मुकादमाने मिक्सर माघारी वळवला.

घरी आल्यावर ती मोरीत बसून कितीतरी वेळ हात धूत राहिली. सिमेंटने तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत. पाणी लागले की झोंबतात. एवढ्यात दारात चपला वाजल्या आणि खडीसाखर आत आला.

“काकू, तब्येत काय म्हणते?”

“तब्येत काही म्हणत नाही. तुम्ही काय म्हणता ते बोला.”

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. “ताईंच्या कामाबद्दल मला आदरच आहे हो. पण काकू, सिमेंटवर पाणी मारलं की ते घट्ट बसतं. माणसावर पाणी मारलं की तो फुगतो. हा फरक सगळ्यांनाच जमतो असं नाही. वरची वस्ती चिडलीय. खालच्या आळीलाही काम होईलसं वाटत नाही. परवा बंधाऱ्यावर सभा घेतोय. अविश्वासाची. अर्ध्याहून जास्त हात वर गेले तर… म्हणून म्हटलं, ताईंनी आधीच खुर्ची सोडली तर घराची शोभा राहील.”

“घराची शोभा आमच्या घराला माहीत आहे,” मी म्हणाले. “तुमच्या काळात दवाखान्याचा पाया भरला होता, त्यात बेडकं झाली होती. तो पाया हिने पुरा केला. चहा घेऊन जा.”

चहा न घेताच तो गेला. थोरली मोरीतून बाहेर आली. हात अजून ओले होते.

“आई, तो म्हणतो त्यात खोटं काय आहे? मला माणसं कामाला लावता येतात. मनवता येत नाहीत.”

“आजवर घरं बांधलीस, त्या प्रत्येक घराला मालक किती होते?”

“एक.”

“तो एकदा हो म्हणाला की तू पुन्हा कुणाला विचारलंस?”

“कशाला विचारीन?”

“इथे मालक किती?”

तिने ओले हात पदराला पुसले. “सगळेच.”

“मग आधी मालकांना भेट. मुकादमाला नेऊ नकोस. मला ने.”

माझ्या गुडघ्यांना आता चढ सोसत नाही. त्याच दुपारी जावयांनी मला ट्रकमध्ये पुढे बसवले आणि गाडी अशी हाकली की जणू मागे काच भरली आहे. वस्तीवर म्हातारा मेंढपाळ दारातच लोकर विंचरीत बसला होता. माझ्या यजमानांच्या बरोबरीचा तो. मी त्याला भावजी म्हणते. त्याच्या सुनेने पाणी आणले आणि थोरलीला सोडून मलाच दिले. थोरलीने ते पाहिले आणि गिळले.

“वहिनी, तुम्ही आलात म्हणून बोलतो,” म्हातारा म्हणाला. “तुमच्या घराला आमच्याकडून न्यायची सवय आहे. आता कुरण नेताय. मागं दगड नेले.”

“कुठले दगड?” माझा आवाज चढला असावा, कारण कुत्रे उठून उभे राहिले. “आमच्या घराने कुणाचं उसनं ठेवलेलं मला आठवत नाही.”

“तुम्हाला कसं आठवेल? तुम्हाला सांगितलंच नाही.” त्याने विंचरणी खाली ठेवली. “ओढ्याला मोठा पूर आला, बंधाऱ्याला भगदाड पडलं, त्या साली. तुमचे यजमान धावत वर आले. म्हणाले, तुझ्या मेंढवाड्याची भिंत दे, नाहीतर गाव जातं. दिली. अख्खी भिंत उतरवून दिली, त्यांच्या पाठीवर मीच दगड चढवले. भगदाड बुजलं. जाताना म्हणाले, पाणी ओसरलं की भिंत बांधून देतो. त्याच पावसात भिजून त्यांना ताप भरला.”

पुढचे मला ठाऊक होते. त्या तापातून ते उठले नाहीत.

“मेलेल्या माणसाकडं दगड कसे मागायचे?” तो म्हणाला. “आणि तुमच्या दारात तेव्हा यायचं होतं का, भिंत द्या म्हणून? आम्ही काट्यांचं कुंपण घातलं. अजून तेच आहे. कोल्हं येतं, कोकरू नेतं. चालायचंच.”

मी आयुष्यभर मान ताठ ठेवून गावातून चालले, आणि वरच्या वस्तीवरून ती मान पाहणारे लोक इतकी वर्षे गप्प बसले होते. मला काय वाटले ते मी इथे लिहिणार नाही. थोरली मात्र बोलली.

“आजोबा, भिंत बांधून देते.”

“आता देशीलच. परवा हात मोजायचेत ना?”

“म्हणूनच परवाच्या आधी एक दगडही आणणार नाही. आधी बांधली तर ती लाच होईल. खुर्ची राहो नाहीतर जावो, नंतर बांधते. गावाच्या पैशानं नाही, घरच्या.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे प्रथमच नीट पाहिले. “आणि पाणी कुठवर येणार? मेंढवाड्यात शिरणार का?”

तिने नकाशा उलगडला. त्याने तो हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि परत दिला. “कागदाला चढउतार नसतो पोरी.”

थोरलीचा चेहरा बदलला. मी तिला ओळखते. अडलेल्या कामात हत्यार आठवले की तिच्या भुवया अशा वर जातात. “मग नळीनं पाहू,” ती म्हणाली. “एक टोक तुमच्या माणसानं धरायचं, दुसरं खालच्या आळीच्या. मी कुठलंच टोक धरत नाही. पाणी सांगेल ते खरं.”

गवंड्यांची लेव्हलची नळी म्हणजे मोठी विद्या नाही. लांब पारदर्शक नळी पाण्याने भरायची. दोन्ही टोके कितीही दूर न्या, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर उभे राहते. त्यात कोणाची वशिलेबाजी चालत नाही.

सभेच्या दिवशी सकाळीच सारे गाव बंधाऱ्यावर जमले. ऊन असे की दगडावर हात ठेववत नव्हता. मी मेंढवाड्यापाशी ट्रकचे दार उघडे टाकून बसले होते. नळीचे एक टोक म्हाताऱ्याच्या सुनेने धरले, दुसरे दूधवाल्याने. नव्या भिंतीची उंची जिथे येणार, त्या खुणेपासून त्यांनी सुरुवात केली. पाणी स्थिरावले की खुंटी ठोकायची, त्या खुंटीवरून पुढची पातळी घ्यायची, पुन्हा खुंटी. असे करीत ती दोघे उतारावरून सरकू लागली. आधी ती एकमेकांशी बोलत नव्हती. थोड्या वेळाने ऐकू येऊ लागले.

“अहो, वर धरा! पाणी सांडतंय माझ्या पायावर.”

“सांडू दे वहिनी, तेवढेच पाय धुतले जातील.”

“तुमच्या दुधात घाला नाहीतर. सवय आहे.”

दोन्ही बाजूंची माणसे हसली. खडीसाखर छत्री धरून मागून चालत होता आणि प्रत्येक खुंटीला “छान, छान” म्हणत होता.

शेवटची खुंटी मेंढवाड्याच्या उंबऱ्याशी यायची होती. नळी तिथे एका तापलेल्या खडकावरून आली होती. सुनेने टोक उंबऱ्याच्या दगडाला लावले. पाणी हलले, थांबले. उंबऱ्याच्या खाली, चांगले खाली.

“नाही शिरत!” दूधवाला नाचलाच. “आत पाणी येत नाही! संपला वाद!” वस्तीतल्या बायकांनी सुस्कारा टाकला. म्हाताऱ्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खुंटी ठोकली गेली.

तेवढ्यात मी नळीकडे पाहिले. खडकावरच्या वळणात हवा अडकली होती. उन्हाने पाणी तापले की त्यातून हवा सुटते, बुडबुड्याला बुडबुडा मिळतो आणि वळणात अडून बसतो. मग पाणी खोटे बोलते. ती हवा बोटाएवढी लांब होती, आणि पलीकडच्या वळणात दुसरी. गवंड्याच्या घरात जन्म काढलेल्या माणसालाच ती दिसावी. इतर कोणी पाहिली नव्हती. पाहिली असती तरी तिचा अर्थ त्यांना कळला नसता.

मी बोलले नाही. मला पाहायचे होते.

थोरलीनेही ती पाहिली. तिची मान ताठ झाली त्यावरूनच मला कळले. मुकादम दूर होता. खालची आळी टाळ्या वाजवीत होती. तासाभरात हात वर व्हायचे होते, आणि त्या खुंटीने तिची खुर्ची पक्की होत होती. तिने एकदा आपल्या तळव्यांकडे पाहिले.

“थांबा,” ती म्हणाली. “नळीत हवा आहे. हे माप चुकीचं आहे.”

“ताई, असू दे की!” दूधवाला तिच्या कानाशी लागला, पण त्याचा आवाज मुळातच मोठा. “खुंटी ठोकली ना! आपल्याच बाजूनं आहे!”

“उपट.”

“अहो पण…”

“खुंटी उपट. नळी रिकामी करा. ओढ्याच्या डबक्यातलं गार पाणी भरा, आणि खडकावर ओलं पोतं टाका.”

नळी पुन्हा भरली. या वेळी तिने ती सावकाश हाताने दाबीत टोकापासून टोकापर्यंत तपासली. सुनेने टोक लावले. पाणी चढले, उंबऱ्याच्या वर गेले आणि वीतभर उंचीवर थांबले. म्हणजे भरल्या पावसाळ्यात मेंढवाड्यात पोटरीइतके पाणी.

खडीसाखराने छत्री मिटली. आता त्याला ऊन लागत नव्हते.

“नकाशात चूक आहे, आणि तो न तपासता मी चुना मारला ही माझी चूक,” थोरली म्हणाली. “भिंत वीतभर खाली येईल. थोडी जास्तच, म्हणजे लाटही आत जाणार नाही.”

दूधवाल्याने नळी जमिनीवर टाकली. “आणि माझं वावर? पाटाच्या शेवटी आहे ते. वीतभर पाणी कमी म्हणजे माझ्यापर्यंत पोचायचंच नाही! तुला मी मत दिलं. घरोघर फिरलो तुझ्यासाठी!”

“फिरलास. माझ्या ध्यानात आहे. आणि तुझ्याच वावराचं पाणी मी कमी करतेय. तुझ्या पाठीमागं नाही, तोंडावर सांगून. पाणी मेंढवाड्यात शिरलं असतं तर यांनी काय केलं असतं?”

“बंधारा फोडला असता,” म्हातारा शांतपणे म्हणाला.

“बघ. मग पाटाच्या सुरुवातीचं वावर तरी ओलं राहिलं असतं का? चुकीच्या लेव्हलवर बांधलेली भिंत कुणाच्याच बाजूची नसते.”

“तुझं बरोबर असेल,” दूधवाला म्हणाला. “पण माझं वावर कोरडंच.” त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तिने त्याला खोटे आश्वासन दिले नाही. ते काम करणारा माणूस छत्री घेऊन जवळच उभा होता.

सभा तिथेच झाली. खडीसाखर दगडावर चढला. “ताई प्रामाणिक आहेत, कोण नाही म्हणतो? पण जिची रेघ मेंढ्या पुसतात आणि जिचं माप चुकतं, तिच्या हाती गाव द्यायचं का? गाव म्हणजे इमारत नव्हे, बंधूंनो.”

“इमारत नव्हेच,” थोरली खालूनच म्हणाली. “इमारत पुरी झाली की मला किल्ली देऊन निघून जाता येतं.”

ती एवढेच बोलली. मग हात मागितले गेले. दूधवाल्याचा हात पहिला वर गेला, तिच्याविरुद्ध. त्याची बायको त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. खालच्या आळीतले आणखी काही हात गेले. आता सगळ्यांचे डोळे वरच्या वस्तीकडे होते आणि वस्तीचे डोळे म्हाताऱ्याकडे. त्याने दोन्ही हात काठीवर ठेवले होते. एक माशी त्याच्या कपाळावर बसली, भुवईवर आली, नाकावर उतरली. त्याने माशीसुद्धा हाकलली नाही. वस्तीतला एकही हात वर गेला नाही.

खडीसाखराने हात दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा ते कमीच भरले. “छान, छान,” तो म्हणाला आणि छत्री उघडून उतरणीला लागला.

जावई मला म्हणाले, “आई, जिंकल्या!” मी म्हटले, “मुकादमाला चुना आणायला सांगा.” पण थोरलीने ते आधीच सांगितले होते. या वेळी आखणीच्या दोरीचे एक टोक तिने म्हाताऱ्याच्या सुनेच्या हाती दिले.

बंधारा पावसापूर्वी उभा राहिला. दूधवाला त्या कामावर आला नाही. पुढे पाटाच्या शेवटी साठवणीचे एक टाके बांधायचा विषय थोरलीने सभेत मांडला. तो अजून मंजूर नाही. तीन वेळा परत आला आहे. चौथ्यांदा मांडण्यापूर्वी ती घरोघर जाऊन आली. तिला आता चहा फार होतो, पित्त उसळते.

आणि मेंढवाड्याची भिंत. सभेच्या दुसऱ्याच दिवशी तिने आजेसासऱ्यांच्या जुन्या खाणीतून दगड काढायला घेतले. सकाळी कचेरीत खुर्चीवर, दुपार कलली की मेंढवाड्यावर. मुकादम नाही, मिक्सर नाही, गावाचा एक माणूस नाही. वस्तीतली मुले दगड द्यायला पुढे आली, तेव्हा तिने त्यांना हटकले, “उसनं आम्ही नेलं होतं.” कोरडी भिंत होती ती, सिमेंटशिवायची, दगडाने दगड धरायचा. जावयांचे एक नख गेले. मी खाटेवर बसून सांधीत बसवायच्या दगडाच्या चिपा निवडून देत होते, आणि न बसणारी चीप थोरलीने लावली की काठीने दाखवीत होते. एकदा ती चिडली.

“आई, मी गावाची प्रमुख आहे!”

“चीप हलतेय, प्रमुखबाई.”

तिने ती काढून दुसरी लावली.

भिंत पुरी झाली त्या संध्याकाळी म्हातारा तिच्याभोवती एक फेरी फिरला. कोपऱ्यांना खांदा लावून रेटले. आत जाऊन उभा राहिला आणि भिंत आपल्या अंगाशी मापली.

“पूर्वीची माझ्या छातीशी यायची,” तो म्हणाला. “ही गळ्याशी येते.”

“आजोबा, भिंत तेवढीच आहे. तुम्ही खचलात.”

तो हसला. दात नव्हते, पण हसू अख्खे होते. तरी पुन्हा एकदा कडेने गेला, वरच्या ओळीतला एक दगड हलवून पाहिला आणि तो दोन्ही हातांनी उचलला.

“हा जास्तीचा आहे,” तो म्हणाला. “घेऊन जा. आम्हीही कुणाचं ठेवत नाही.”

थोरलीने दोन्ही हात पुढे करून तो घेतला.

“फिटलं, वहिनी.”

“फिटलं, भावजी.”

सुनेने फाटक उघडले. मेंढ्या एकमेकींच्या अंगावरून आत शिरल्या. जावयांनी तो दगड ट्रकमध्ये ठेवला आणि मागची फळी लावून घेतली.